जुलैतला लॅकर

घाटकोपरात राहून धुळीशी उघड वैर पत्करलेला आणि तरीही कायम हसतमुख असलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच. माझ्या आतेबहिणीचे, म्हणजे ताईचे यजमान, आमचे भाऊजी. माणसांशी त्यांचं कधी वाकडं नव्हतं. दूधवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, वरच्या गच्चीत पापड वाळवताना सगळ्यांना दम देणाऱ्या आजी, सगळ्यांशी त्यांची गोडीगुलाबी. पण खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात एखादा धुळीचा कण तरंगताना दिसला, की त्यांची मुद्रा पालटे. वाटणीवरून कोर्टात गेलेले सख्खे भाऊसुद्धा एकमेकांकडे तसं बघत नसतील. ह्या वैराचं कारण होतं विमानं. वीतभर, फार तर हातभर लांबीची, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेली, रंगवलेली, खऱ्याची हुबेहूब नक्कल असलेली विमानं. कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचा भाऊ बोटीवर होता. तो परदेशातून ह्या सुट्या भागांची खोकी आणायचा आणि भाऊजी ती खोकी छातीशी धरून, आत काच असल्यासारखे जपून घरी आणायचे. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा मुलुंडला राहायचो आणि बहुतेक रविवारी ताईकडे जेवायला असायचो, त्यामुळे ह्या विमानांचे जन्म मी अगदी जवळून पाहिले आहेत.

जोडकाम आणि रंगकाम भाऊजी गप्पा मारत, रेडिओ ऐकत, चहा पीत करायचे. त्यात त्यांना काही वाटत नसे. त्यांचा खरा जीव होता तो शेवटच्या थरात. रंग वाळला, त्यावर विमान कंपनीच्या नावांची आणि पट्ट्यांची, पाण्यात भिजवून सरकवायची चित्रं बसली, की सगळ्यावर एक पारदर्शक, चकचकीत लॅकर मारायचा. ह्या थराने विमानाला ती खरी झळाळी येते. पण भाऊजींच्या दृष्टीने झळाळी ही दुय्यम गोष्ट होती. "अरे, रंग काय, कोणीही मारील," ते मला सांगायचे. "रंग लोकांना दिसण्यासाठी असतो. लॅकर दिसला नाही पाहिजे. त्याच्या खालचं सगळं दिसलं पाहिजे आणि तो स्वतः कुठेच नको. दिसला की बिघडला." हा न दिसणारा लॅकर मारण्यासाठी त्यांच्याकडे चित्रकलेचे विद्यार्थी वापरतात तशी, मधे दुमडणारी पत्र्याची नळी होती. एक टोक बाटलीत, एक टोक तोंडात. फुंकर मारली की लॅकरचा बारीक फवारा उडायचा. त्या फुंकरीचा त्यांना रीतसर रियाज होता. ना कमी, ना जास्त, मधे खोकला नाही, शिंक नाही. लॅकरच्या दिवशी ते सकाळपासून लसणीची चटणी तर सोडाच, साधं लोणचंही तोंडात घालत नसत. लॅकर आधी ताईच्या जुन्या नायलॉनच्या साडीतून गाळून घ्यायचे. ताईच्या म्हणण्याप्रमाणे ती साडी जुनी नव्हती, पण तो वाद त्यांच्या लग्नाइतकाच जुना होता आणि मी त्यात कधी पडलो नाही.

लॅकरच्या दिवशी त्या दोन खोल्यांच्या घरात जे सोवळं पाळलं जायचं, ते मी कुठल्याही देवघरात पाहिलेलं नाही. केर आदल्या दिवशी काढून झालेला. पंखा बंद. खिडक्या बंद. सुती कपड्यांतून तंतू उडतात म्हणून भाऊजी उघडे, कमरेला एक रेनकोटच्या कापडाची लुंगी. स्वयंपाकघरात तळण वर्ज्य, कारण तेलाची वाफ. उदबत्ती वर्ज्य, कारण राख. त्या दिवशी देवालाही फक्त फुलं. एकदा मी नेमका लॅकर मारून झाल्याझाल्या दारात उपटलो. "आहेस तिथेच उभा राहा!" आतून आवाज आला. मी चौकटीत एक पाय आत, एक पाय बाहेर असा उभा. थर वाळेपर्यंत मी तसाच होतो. समोरच्या बिऱ्हाडातल्या गुजराती बेननी मला त्या अवस्थेत बघितलं, आत जाऊन एक स्टूल आणून दिलं आणि काही न विचारता दार लावून घेतलं. त्यांना सवय होती. त्यांच्याकडची मिरचीची फोडणी लॅकरच्या वेळी एकदा बाहेर आली होती, तेव्हा भाऊजींनी त्यांच्या दारात हात जोडून "बेन, आज शिरा करा ना, साखर मी आणून देतो" अशी विनंती केलेली सगळ्या मजल्याला ठाऊक होती. बेननी खरंच शिरा केला. त्यातली वाटी ताईकडे आली आणि ती मी खाल्ली आहे.

भाऊजी भांडुपच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. यंत्रावरून उतरलेला भाग हातात घ्यायचा, उजेडाकडे तिरका धरायचा, एक डोळा बारीक करायचा आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, हे काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू ते तिरकी धरून बघत. ताटातली पोळी तिरकी धरत. शेजाऱ्याने नवी स्कूटर घेतली, पेढे वाटले, तर हे पेढा तोंडात टाकून खाली वाकले आणि पत्र्याकडे तिरकं बघत म्हणाले, "इथे रंगात माती बसलीय." शेजाऱ्याचा पेढा तिथेच कडू झाला. घरात मात्र त्यांनी 'पास' हा शब्द कधी उच्चारला नाही. कितीही सुंदर विमान झालं तरी ते उजेडात फिरवून बघायचे, कुठेतरी टाचणीच्या टोकाएवढी खोट त्यांना सापडायचीच, आणि मग म्हणायचे, "चालेल." ताईच्या पुरणपोळीला चालेल. मुलगी शुभा बी. कॉम. पहिल्या वर्गात पास झाली, तर गुणपत्रिका तिरकी धरून, "चालेल." शुभाला बघायला मुलगा आला तेव्हाही सगळे त्याची नोकरी, पगार, घरचं विचारत असताना भाऊजी मान वाकडी करून त्याच्या बुटांकडे बघत बसले होते. मंडळी गेल्यावर ताईने विचारलं, "अहो, तोंड उघडलं नाहीत. मुलगा कसा वाटला?" भाऊजी म्हणाले, "लोक बुटांना पुढून पॉलिश करतात. ह्याने टाचेपर्यंत केलंय. चालेल." लग्न ठरलं. मुलगा रियाधला इंजिनिअर होता.

आता ह्या घराची जागा सांगायला हवी. घाटकोपर पूर्वेला, वरच्या मजल्यावर. सांताक्रूझ-सहारला उतरणारी विमानं आमच्या ताईच्या गॅलरीवरून जायची, इतकी खालून, की बोलणारा माणूस वाक्याच्या मधे थांबायचा आणि विमान गेल्यावर तेच वाक्य पुढे चालू करायचा. पाहुण्यांची तारांबळ उडे. भाऊजी मात्र डोळे मिटून ऐकायचे आणि आवाजावरून विमानाची जात सांगायचे. मग डोळे उघडून खात्री करायचे. चूक क्वचितच. स्वतः ते जन्मात विमानात बसलेले नव्हते आणि बसायची इच्छाही त्यांनी कधी दाखवली नाही. पण एक गोष्ट त्यांना फार आवडायची आणि ती ते नव्या माणसाला हटकून सांगायचे. "आपल्याकडून फक्त येणारी जातात बरं का. उडणारी सगळी तिकडून, समुद्रावरून निघून जातात. आपल्या वाट्याला आलीयत ती सगळी घरी येणारी." शुभा लहान असताना गॅलरीतून विमानांना हात करायची, तो जाणाऱ्यांना करतात तसा टाटा नसायचा. 'या, या' असा बोलावणारा हात असायचा. तो भाऊजींनीच शिकवला होता.

लग्न मे महिन्यात झालं. जावई लगेच परत गेला आणि शुभाचे कागद होऊन ती जुलैमध्ये निघणार असं ठरलं. लग्न ठरल्यावरच तिने बाबांकडे एक मागणं केलं होतं. ज्या विमानाने मी जाणार, ते मला करून द्या. तिने बाबांकडे मागितलेली ही बहुधा पहिलीच वस्तू. खोकं फेब्रुवारीत आलं. आता ह्यात मेख अशी, की भाऊजींचा लॅकर हा हंगामी होता. तुळशीच्या लग्नापासून होळीपर्यंत हवा कोरडी असते, तेवढेच महिने ते लॅकरला हात लावत. ओलसर हवेत लॅकर मारला, तर वाळता वाळता हवेतली ओल त्यात अडकते आणि काचेसारखा दिसायचा तो थर दुधावर साय धरावी तसा पांढुरका होतो. म्हणून पावसाळ्यात त्यांची बाटली कपाटात बंद. होळीपर्यंत हे विमान सहज झालं असतं. पण भाऊजींनी त्या एका विमानाच्या खिडक्या रंगवायला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात अख्खा विमानतळ उभा राहिला असता. खिडकी रंगवायची, तिरकी बघायची, पुसायची. होळी गेली. गुढीपाडवा गेला. ताई एकदा मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "मुद्दाम लांबवतायत रे. ते पुरं झालं की ही गेली, असं बसलंय डोक्यात." मला ते तेव्हाच पटलं होतं. मे महिन्यात घर पाहुण्यांनी भरलं, हळद उडाली, चकल्या तळल्या गेल्या, आणि लॅकरचं नाव काढायचीही सोय राहिली नाही.

जूनच्या शेवटी भाऊजींनी शुभाला समजावून पाहिलं. "तू हो पुढे. तुळशीचं लग्न झालं की मी मस्त लॅकर मारतो आणि कोणीतरी जाणारा बघून पाठवतो." शुभा त्यांचीच मुलगी. ती म्हणाली, "नाही बाबा. कोणीतरी आणून दिलेलं नको. मी हातात घेऊन जाणार. लॅकर नसेल तर तसंच द्या." लॅकर न मारलेलं विमान आपल्या घरातून बाहेर जाईल, ही कल्पना भाऊजींना सहन होण्यासारखी नव्हती. अंगावर कपडा नसलेल्या माणसाला रस्त्यावर पाठवल्यासारखं त्यांना ते वाटलं असावं. आणि मग भर जुलैत, शुभाचं निघणं दोन-तीन दिवसांवर आलेलं असताना, त्यांनी ते धाडस करायचं ठरवलं.

त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून गेलो होतो. ताईच्या लग्नातलं लोखंडी कपाट रिकामं केलेलं. साड्या पलंगावर, दागिन्यांचा डबा ताईच्या मांडीवर. कपाटाच्या आत दोन मोठे दिवे वायर ओढून लावलेले आणि तळाशी, पाठीवर उलटी ठेवलेली गरम इस्त्री. आत हात घातला की भर उन्हाळ्यातल्या गच्चीसारखं लागायचं. "आत अगदी जानेवारी केलाय," भाऊजी अभिमानाने म्हणाले. "जानेवारी कसला, तंदूर आहे तो," ताई म्हणाली, "आणि माझ्या कपाटाचा रंग गेला तर तुमच्या विमानांना समुद्र दाखवीन." बाहेर पावसाची उघडीप होती. भाऊजींनी गुळण्या केल्या, नळी तोंडात धरली, शुभाने काडीवर बसवलेलं विमान हळूहळू फिरवलं आणि त्यांनी फुंकर घातली. मी त्यांचे पुष्कळ लॅकर पाहिले, पण इतका सुंदर हात त्यांचा कधी चाललेला पाहिला नाही. विमान कपाटात गेलं, दार लागलं, आणि आम्ही सगळे कपाटासमोर जमिनीवर बसलो. थोड्या वेळाने बाहेर पाऊस धरून आला आणि फट् आवाज झाला. दिवे आणि इस्त्री मिळून फ्यूज उडाला होता. मी म्हटलं, दार तेवढं उघडू नका, आत ऊब आहे, मी फ्यूज बांधतो. मी खुर्चीवर चढून तार गुंडाळतोय तोवर, आयुष्यभर सगळ्यांना "हात लावू नका, उघडू नका, हलू नका" म्हणणाऱ्या ह्या माणसाने स्वतःच्या हाताने कपाटाचं दार उघडलं. का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. नुसतं बघायला. खोलीतली पावसाळी हवा आत गेली आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या चकचकीत पंखांवर पांढरट धुकं उतरलं. शेपटीवर, पाठीवर, त्या इतक्या प्रेमाने रंगवलेल्या खिडक्यांवर.

घासून परत करायला दिवस नव्हते आणि पाऊस आता थांबणार नव्हता. भाऊजी पलंगाच्या कडेवर, साड्यांच्या ढिगाशेजारी बसले. "वाट लागली," एवढंच म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "दिसतोय लॅकर. सगळा दिसतोय. हे मी नाही देणार तुला." शुभा उठली. तिने काडीसकट विमान उचललं, खिडकीशी नेलं आणि त्या मळक्या उजेडात तिरकं धरलं. एक डोळा बारीक केला. थेट बापासारखी. पंखाचं टोक बघितलं, पोट बघितलं, शेपटी बघितली. मग म्हणाली, "पास."

भाऊजी एकदम ओरडले, "अगं, पास काय पास! पांढरं पडलंय ते!"

"तपासणी माझी आहे ना बाबा? माझं विमान आहे. पास म्हटलं की पास."

भाऊजींनी मान फिरवली आणि खिशात चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता. मी पुन्हा खुर्चीवर चढून बांधलेलाच फ्यूज पुन्हा बांधला, कारण मलाही कुठेतरी बघायचं होतं.

सहारला तिला सोडायला आम्ही सगळे गेलो. बाकी सामान तिने आत जाऊ दिलं, विमानाचं खोकं मात्र हातातच ठेवलं. परत आल्यावर भाऊजी गॅलरीत उभे राहिले, पण तिथून काय दिसणार? जाणारी विमानं समुद्रावरून जातात. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना आपल्या गॅलरीचा राग आला असेल. रात्री जेवताना मात्र ते ताईला म्हणाले, "एक झालं. ते पांढरं म्हणजे काय शेवटी? इथली हवाच. घाटकोपरची हवा गेली तिच्याबरोबर." मग हे त्यांनी मला सांगितलं, बेनना सांगितलं, कारखान्यात सांगितलं. पुढच्या काही आठवड्यांत त्या बिघडलेल्या लॅकरचा त्यांना चक्क अभिमान वाटायला लागला. लोक मुलीबरोबर लोणचं पाठवतात, मी हवा पाठवली, असं म्हणून हसायचे.

शुभाचा फोन समोर बेनकडे यायचा. एका शुक्रवारी मी तिथे होतो. भाऊजी फोनवर नेहमीप्रमाणे इतक्या मोठ्याने बोलत होते, की रियाधला फोनशिवायही ऐकू गेलं असतं. जेवतेस का, झोपतेस का, सगळं झालं. मग ते नुसते ऐकत राहिले. "हो का," म्हणाले. "छान. छान झालं." फोन ठेवून घरी आले आणि खुर्चीत बसले. ताईने विचारलं, काय म्हणाली? "म्हणाली, पांढरं गेलं. तिथली हवा अगदी कोरडी. खिडकीत ठेवलं होतं, हळूहळू सगळं साफ झालं. खिडक्या न् खिडक्या दिसतात म्हणे, आरशासारखं झालंय. फार खूश होती." ही खरं तर त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बढती होती. जुलैमध्ये मारलेला लॅकर शेवटी पास झाला होता. पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, "म्हणजे आपली हवा निघून गेली त्यातली."

ताई भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "हवा कसली? फुंकर तुमची होती ती."

ताई इतकं बोलून जाते आणि पुढची जुडी हातात घेते, तेव्हा फार अवघड होतं.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये मी एका रविवारी गेलो, तर घरात नायलॉनच्या साडीतून गाळलेल्या लॅकरचा वास. मी सवयीने उंबऱ्यात थांबलो. आतून कोणी ओरडलं नाही. भाऊजी अंगात साधा सुती सदरा घालून, सताड उघड्या खिडकीजवळ बसले होते. बाहेर पाऊस कोसळत होता, पंखा चालू होता, स्वयंपाकघरात ताई भजी तळत होती. त्यांच्या हातात काडीवर तसंच दुसरं विमान होतं, त्याच कंपनीचं, त्याच रंगाचं, आणि नळी तोंडातून नुकतीच काढलेली.

"भाऊजी, जुलै आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे रे. ये, बस. हल, फिर, काय वाट्टेल ते कर."

आम्ही बसून बघत राहिलो. पंखांवर पांढरट धुकं चढलं, मग खिडक्यांवर. त्यांनी ते विमान तिरकं धरलं नाही. नुसतं समोर धरलं, आणि विमानं मांडायच्या त्यांच्या काचेच्या कपाटात, डोळे दिपवणाऱ्या चकचकीत विमानांच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. अजून ते तिथेच आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे एवढं असं का? मी चहाचं सांगायला आत जातो.

भजी झाली. तेवढ्यात ढगांतून घरघर आली. पावसात नीट दिसत नव्हतं, नुसता आवाज जवळ येत होता. मी नेहमीसारखा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो, आता डोळे मिटतील आणि विमानाची जात सांगतील म्हणून. त्यांनी डोळे मिटले. ताई कढईचा गॅस बारीक करून दारात येऊन उभी राहिली.

"कुठलं?" मी विचारलं.

आवाज डोक्यावर येईपर्यंत ते थांबले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "येणारं आहे."